मोपा ते पुणे ३१५ किलोमीटर, मग सव्वा तास कशाचा?

शेजारचे काका मुलाकडे पुण्याला जाऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला कुंपणापाशी गाठलं. "तिकिटावर सव्वा तास लिहिलेला. वर गेल्यावर पायलट म्हणतो, चाळीस मिनिटांत पोचू. नातवाने मोबाईलवर बघितलं तर तिथे पन्नास मिनिटं. ह्यातलं खरं कुठलं म्हणायचं रे?"

तिन्ही खरे आहेत, फक्त प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली आहे. मोबाईलवरचा आकडा गणितातून येतो, पायलटचा हवेतला असतो आणि तिकिटावरचा वेळापत्रकाचा. काकांना म्हापशाच्या घरातून निघून मुलाच्या दारात पोचायला जे साडेपाच तास लागले, तो चौथा आकडा. तो कुठेच छापलेला नसतो.

आधी अंतराचं बघू, कारण ते सोपं आहे आणि घरबसल्या काढता येतं. उत्तर गोव्यातला मोपाचा विमानतळ साधारण १५.७४ उत्तर अक्षांशावर आहे आणि पुण्याचा लोहगाव १८.५८ वर. रेखांश दोघांचे जवळपास एकच, ७३.८६ आणि ७३.९२. म्हणजे पुणे मोपाच्या अगदी नाकासमोर उत्तरेला आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दोघांतला फरक २.८४ अंशांचा. गुणाकार केला की ३१५ किलोमीटर. संकेतस्थळांवरचा आकडा असाच येतो. दोन ठिकाणं अशी एका रेषेत नसली की त्रिकोणमिती लागते, एवढंच. पृथ्वीच्या गोलावरून एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंतची सर्वांत जवळची वाट, तिला हवाई अंतर म्हणायचं.

विमानवाले किलोमीटर वापरत नाहीत, नॉटिकल मैल वापरतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजेच अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. तासाला एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट. पुढे एकदोनदा हे लागेल.

मोपा ते लोहगाव अशी रेघ नकाशावर पट्टी ठेवून ओढली, तर ती सावंतवाडीच्या शेजारून निघते आणि गगनबावडा, पाटण, वाई ह्यांच्या आसपासून सह्याद्रीला चिकटून वर सरकते. गाडीरस्त्याला हे जमत नाही. त्याला आंबोली नाहीतर चोर्ल्याचा घाट चढून पूर्वेला कोल्हापूर किंवा बेळगावकडे जावं लागतं, मग कराड, सातारा करत पुण्याला. पणजीहून हे साडेचारशे किलोमीटरच्या घरात जातं. वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस तर लोंढा, बेळगाव, मिरज असा आणखी मोठा वळसा घेऊन पुण्याला पोचते. विमानाची खरी कमाई इथे आहे. वेग आहेच, पण त्याआधी घाट आणि वळसे वाचतात.

गोवा म्हणजे कुठलं गोवा?

नेटवर "गोवा ते पुणे हवाई अंतर" शोधलं की कुठे ३१५ दिसतं, कुठे ३५५. दोन्ही बरोबर. पहिला आकडा मोपाचा, दुसरा दाबोळीचा. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाहून प्रवासी विमानं उडायला लागली आणि गोव्याला दोन विमानतळ झाले. पण अनेक ठिकाणी "गोवा" म्हटलं की अजून दाबोळीच धरतात. तिकिटावर मात्र गफलत होत नाही, दाबोळीचा संकेत जीओआय, मोपाचा जीओएक्स. बघायची सवय हवी.

ह्या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर ४० किलोमीटर आहे. मोपाहून सिंधुदुर्गातलं चिपी ४५ किलोमीटर, बेळगाव ८२, कोल्हापूर ११२. म्हणजे मोपा मध्ये धरून सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर चार विमानतळ. २००८ च्या केंद्रीय धोरणाप्रमाणे चालू नागरी विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत नवा विमानतळ सहसा होऊ देत नाहीत, अपवाद करायचा तर केंद्र सरकार ठरवतं. आपल्या बाजूला अपवादांचीच वस्ती झाली आहे. मला स्वतःला त्यात तक्रार नाही. चिपीचं विमान रद्द झालं तर मालवणच्या माणसाला मोपा आहे, आणि मोपा भरलेलं असलं तर दाबोळी. पण एवढ्या जवळच्या विमानतळांचा एकमेकांशी हवाई संबंध शून्य, तरी काही संकेतस्थळं मोपा ते बेळगावचाही "उड्डाणकाळ" बिनदिक्कत मिनिटांत देतात. ते संगणकाने भरलेले रकाने आहेत. तिथे विमान आहे की नाही ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

हा उड्डाणकाळ ती काढतात कसा? बहुतेक ठिकाणी सूत्र असं की अंतराला ताशी ८०० ते ८५० किलोमीटरने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचे म्हणून अर्धा तास मिळवायचा. ३१५ भागिले ८३० म्हणजे तेवीस मिनिटं, अधिक तीस, त्रेपन्न. काकांच्या नातवाला दिसलेली पन्नास मिनिटं ही. दिल्लीसारख्या लांबच्या प्रवासाला हे सूत्र बऱ्यापैकी चालतं. जवळच्या प्रवासात मात्र हिशेब वेगळाच होतो, कारण तिथे विमान त्या ८३० च्या वेगाने जवळजवळ उडतच नाही.

चढण संपते तोवर उतार

एअरबस ए ३२० सारखं जेट विमान ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातं, हे खरं. पण उंचावर, हवा विरळ असते तिथे. दहा हजार फुटांच्या खाली नियमाने २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी साधारण ४६० किलोमीटर. तिथे जेटलाही सबुरीने जावं लागतं. पर्वरीच्या वर पोचलेलं विमान आपल्याला सुसाट वाटतं, पण ते त्याच्या मानाने रमतगमतच चाललेलं असतं.

आता मोपा-पुणे मांडून बघू. समजा पायलटने २९,००० फुटांवर जायचं ठरवलं. तेवढं चढायला पंधराएक मिनिटं आणि दीडशे-एकशेसाठ किलोमीटर लागतात. आता उतरणं. वैमानिकांचा एक जुना आडाखा आहे: जितके हजार फूट खाली यायचं, त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधीपासून उतरायला लागायचं. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच आहे, म्हणजे २७,००० फूट उतरायचे. सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी नॉटिकल मैल, म्हणजे दीडशे किलोमीटर.

चढायला एकशेसाठ धरले तर उतरायला दीडशे. एकूण ३१०, आणि आपलं अंतर ३१५. सरळ, सपाट, पूर्ण वेगाने उडायला उरले पाच किलोमीटर!

म्हणून ह्या मार्गावर पायलट सहसा तितकं उंच जातही नाही. पण खाली राहिलं तरी तोच प्रकार थोड्याफार फरकाने होतो. पट्टा सोडायचा दिवा लागतो न लागतो तोच परत बांधायचा लागतो, ते ह्यामुळे. पाण्याची बाटली वाटणाऱ्या मुलींची जी धांदल उडते तीही ह्याचमुळे. माझं मत विचाराल तर ह्या मार्गावर खायचं-प्यायचं वाटूच नये, पण ते कोण ऐकणार.

ह्यातून एक मजेशीर गोष्ट निघते. पंख्याचं विमान, म्हणजे एटीआर, जेटपेक्षा खूप हळू. ताशी ४८० ते ५०० किलोमीटर. मोपाहून चालणारी फ्लाय ९१ ही गोव्याचीच कंपनी मार्च २०२४ पासून अशीच सत्तरेक आसनांची एटीआर ७२-६०० विमानं उडवते. वेग जवळजवळ निम्मा, मग पुण्याला दुप्पट वेळ लागायला हवा. लागत नाही. एटीआर सतराएक हजार फुटांवरच थांबतं. चढायला अंतर कमी, उतरायला कमी, त्यामुळे मध्ये त्याच्या पूर्ण वेगाने दीडशे किलोमीटर तरी मिळतात. हवेतला हिशेब केला तर जेटला चाळीस मिनिटं, एटीआरला पन्नास. दहा मिनिटांचा फरक. त्या दहा मिनिटांसाठी जेटचं इंधन जाळायचं का, हा कंपनीचा प्रश्न. आपल्याला खिडकीतून सह्याद्री जवळून दिसतो तो एटीआरमधूनच, पावसाळा सोडून.

रेघ सरळ, विमान वाकडं

आतापर्यंत आपण विमान त्या सरळ रेघेवरून जातं असं धरून चाललो. तसंही होत नाही.

धावपट्टी कुठल्या दिशेला आहे बघा. दाबोळीच्या पट्टीचा क्रमांक ०८/२६. ह्या आकड्यापुढे शून्य लावलं की होकायंत्रावरचे अंश मिळतात: ८० अंश म्हणजे जवळपास पूर्व, २६० म्हणजे जवळपास पश्चिम. पुण्याची १०/२८, तीही पूर्व-पश्चिमच. मोपाचीही तशीच. आणि आपल्याला जायचंय सरळ उत्तरेला. म्हणजे विमान निघताना काटकोनात निघणार आणि उतरतानाही काटकोनात उतरणार.

शिवाय उडताना आणि उतरताना वारा समोरून हवा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणून विमान मोपाहून समुद्राकडे तोंड करून सुटतं. पुण्याला निघालात तरी पहिली काही मिनिटं अरबी समुद्राकडे. मग उजवी कलाटणी. ढग नसले तर उजव्या खिडकीतून तेरेखोलचं मुख आणि त्यापुढची रेडी-शिरोड्याची किनारपट्टी दिसते. हिवाळ्यातल्या सकाळी जमिनीवरचा वारा पूर्वेकडून येत असतो, तेव्हा तेच विमान डोंगराकडे तोंड करून सुटू शकतं आणि डावीकडे वळतं. तिकडे पुण्यातही हाच घोळ. पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं असेल तर शहराच्या पूर्वेला जाऊन, वळून, मग पट्टीसमोर यायचं. दोन्हीकडची वळणं धरून पंधरा-वीस किलोमीटर सहज वाढतात, कधी त्याहून जास्त.

त्यात आकाश रिकामं नसतं. विमानं ठरलेल्या हवाई मार्गांवरून जातात. त्या मार्गांवर पाच अक्षरी नावांचे बिंदू असतात, एका बिंदूवरून पुढच्या बिंदूवर. आपल्या मार्गाच्या दोन्ही टोकांना लष्करी तळ आहेत. दाबोळी पोर्तुगिजांनी बांधला, गोवा मुक्त झाल्यावर तो नौदलाकडे आला आणि आजही आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ तिथेच आहे. नागरी विमानं तिथली पाहुणी. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असतात. लोहगाव हवाई दलाचा, तिथे सुखोई असतात. दाबोळी ते पुणे जाणारं विमान म्हणजे एका लष्करी अंगणातून उठून दुसऱ्यात उतरणारं, आणि मध्ये मोपाच्या डोक्यावरून किंवा बगलेतून जाणारं. लढाऊ विमानांचा सराव चालू असला की प्रवासी विमानाला थांबवतात नाहीतर बाजूने पाठवतात. त्यावर चिडून उपयोग नाही. घर त्यांचं आहे.

तिकिटावरची वेळ

वेळापत्रकात जी सुटायची वेळ असते ती चाकं जमिनीवरून उचलण्याची नव्हे. चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागेवरून हलतं, ती सुटायची वेळ. पलीकडे पोचून चाकांखाली पुन्हा ठोकळे लागतात, ती पोचायची. ह्या दोन्हींमधला काळ म्हणजे ब्लॉक टाइम. तिकिटावरचा सव्वा तास हाच.

त्यात काय काय आलं? ट्रॅक्टरने विमान मागे ढकलणं, इंजिनं सुरू करणं, रांगेत धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणं, आधीच्याला उडू देणं. मोपाला गर्दी बेताची असली तर दहा मिनिटांत भागतं, डिसेंबरअखेर भागत नाही. पलीकडे उतरल्यावर पुन्हा पट्टीवरून फलाटापर्यंत पाच-सात मिनिटं. आणि त्यावर कंपनीने मुद्दाम धरलेली काही जास्तीची मिनिटं.

ही जास्तीची मिनिटं चलाखी वाटतात खरी. वेळापत्रकापेक्षा पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर विमान वेळेवर आलं असं धरतात, आणि कुठली कंपनी किती वेळा वेळेवर, ह्याचे आकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला जाहीर करतं. मग कंपन्या वेळापत्रकच सैल ठेवतात. विमान "दहा मिनिटं लवकर" पोचतं, उद्घोषणा होते, लोक खूश. पण ही सगळीच लबाडी नाही. मुंबईचं घ्या. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. संध्याकाळी आकाशात रांग लागते. आपलं विमान अंडाकृती चकरा मारत राहतं. अशा एका चकरेला साधारण चार मिनिटं: एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक सरळ, एक वळण. तीन चकरा झाल्या की बारा मिनिटं गेली. मुंबई-गोवा प्रवासात वेळापत्रक सैल ठेवलं नाही, तर संध्याकाळचं प्रत्येक विमान उशिराच म्हणावं लागेल.

हे सगळं एका सूत्रात बसवता येतं. रिक्षाच्या मीटरसारखं समजा (गोव्यात मीटर आपण ऐकूनच ओळखतो, पण मुंबई-पुण्यात बघितलं असेल): बसल्या बसल्या किमान भाडं लागतं, मग पुढे किलोमीटरप्रमाणे. जेटचं किमान भाडं पाऊण तास. चाकं हलल्यापासून थांबेपर्यंत जमिनीवरचं, वळणांतलं, चढण्या-उतरण्यात वाया जाणारं सगळं त्यात आलं. त्यावर अंतर भागिले ८०० इतके तास. मोपा ते पुणे: ४५ अधिक २४, साधारण ७० मिनिटं. मोपा ते मुंबई ३८५ किलोमीटर: ४५ अधिक २९, सव्वा तास. मोपा ते दिल्ली साधारण १,४६० किलोमीटर: ४५ अधिक ११०, दोन तास पस्तीस मिनिटं. एटीआरचं किमान भाडं जरा कमी, पस्तीस मिनिटं धरा, पण पुढचा दर महाग, ताशी ४८० किलोमीटर. मोपा ते सोलापूर ३०५ किलोमीटर म्हणजे ३५ अधिक ३८. वेळापत्रकं ह्या आकड्यांच्या पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे निघतात. हा आडाखा माझा आहे, कुठल्या नियमपुस्तकातला नव्हे, पण वापरून बघा.

दिल्लीचं अंतर पुण्याच्या साडेचार पटीहून जास्त, वेळ मात्र सव्वादोन पट. जितकं जवळ जायचं तितका किमान भाड्याचा वाटा मोठा. मोपा ते बेळगाव विमान का नाही, त्याचं उत्तरही इथेच आहे: ८२ किलोमीटरला एटीआर पंचेचाळीस मिनिटं घेईल, आणि विमानतळावर तासभर आधी जायचंच. तोवर चोर्ल्याने गाडी बेळगावच्या वेशीवर पोचलेली असेल. स्कॉटलंडच्या उत्तरेला वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ह्या बेटांमध्ये तीनेक किलोमीटरवर रोजचं विमान जातं, दोन मिनिटांचं. पण तिथे मध्ये समुद्र आहे आणि विमान आठ-दहा जणांचं.

सरकारी योजनांतले आकडे वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या उडान योजनेत सुमारे पाचशे किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या विमानप्रवासाला अनुदानाच्या आसनांसाठी २,५०० रुपये भाडं ठरवलं होतं. पाचशे किलोमीटर म्हणजे एक तास, हा हवेतला तास झाला. एटीआरच्या वेळापत्रकात तोच प्रवास दीड तासाच्या पुढे दिसतो. योजनेने फसवलं नाही, तिकिटानेही नाही.

जाताना कमी, येताना जास्त

पुण्याच्या प्रवासात वाऱ्याचा फारसा प्रश्न येत नाही. आपण उत्तर-दक्षिण जातो, वारे बहुतेक पूर्व-पश्चिम वाहतात. ते बाजूने लागतात. हैदराबादला गेलात की कळतं. मोपाहून हैदराबाद सुमारे ५१५ किलोमीटर पूर्वेला. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे जमिनीलगतच नसतात, कित्येक हजार फुटांपर्यंत असतात, आणि एटीआर त्याच थरातून उडतं. समजा विमानाचा वेग ४६० आणि वारा ५०. जाताना वारा पाठीशी, जमिनीच्या हिशेबाने वेग ५१०, तासाभरात मार्ग संपला. येताना समोरून, वेग ४१०, सव्वा तास. एकच विमान, एकच मार्ग आणि पंधरा मिनिटांचा फरक.

बरं, जाताना मिळालेलं येताना गेलं म्हणून हिशेब चुकता होतो का? होत नाही. वारा नसता तर दोन्ही मिळून १३४ मिनिटं लागली असती, वाऱ्यात १३६ लागतात. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं म्हणून तो जास्त खातो. दोनच मिनिटं आहेत, पण जोरदार वाऱ्यात हे अंतर वाढत जातं.

पावसाळ्याचं आणखी एक. ढग खाली उतरले, पट्टी दिसेना, की विमान परत फिरवून दुसरीकडे उतरवतात. म्हणून प्रत्येक विमान इच्छित ठिकाणापर्यंतचं, वर थोडं जास्तीचं, शिवाय दुसऱ्या विमानतळापर्यंतचं आणि तिथेही अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं इंधन घेऊनच निघतं. पुण्याहून मोपाला येणाऱ्याला दाबोळी चाळीस किलोमीटरवर आहे, मग काळजी कशाला असं वाटेल. पण जुलैतला जो पाऊस मोपावर तोच दाबोळीवर. पर्यायी विमानतळ वेगळ्या हवामानाचा असला तरच कामाचा, म्हणून घाटापलीकडचं हैदराबाद किंवा बंगळुरू धरून ठेवावं लागतं. तीनशे किलोमीटरच्या प्रवासाला त्याहून लांबच्या प्रवासाचं इंधन.

तीन मिनिटं आणि दीड तास

आता गोव्यातल्या माणसाच्या कामाचं. मोपाऐवजी दाबोळीहून पुण्याला गेलात तर हवाई अंतर ४० किलोमीटरने वाढतं. जेटला त्याची किंमत तीन मिनिटं, एटीआरला पाच. वेळापत्रकात हा फरक दिसतही नाही.

तेच ४० किलोमीटर जमिनीवर साठ-पासष्ट होतात. झुआरीचा नवा पूल झाल्यापासून अवस्था सुधारली आहे, धारगळहून मोपापर्यंतचा जोडरस्ताही रुंद आणि मोकळा आहे. पण मध्ये पर्वरीची कोंडी आहे. मडगावहून मोपाला निघालेल्या माणसाने दीड तास धरावा, आणि सकाळी आठ-नऊची वेळ असेल तर दोन. काणकोणहून निघालेल्याला शंभर किलोमीटरच्या पुढे जावं लागतं, म्हणजे पुण्याच्या हवाई अंतराचा तिसरा हिस्सा तो गाडीनेच कापतो. उलट पेडणे, दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी ह्यांना मोपा अंगणात आहे, दाबोळी परगावी. पणजीवाल्यांचं मधलं. त्यांना दोन्ही सारखेच, कोंडी कुठल्या पुलावर आहे त्यावर ठरतं. फोंड्याचा माणूस बहुधा दाबोळीच म्हणेल.

म्हणून दोनशे रुपये स्वस्त दिसलं म्हणून केप्यातल्या माणसाने मोपाचं तिकीट काढणं मला तरी पटत नाही. टॅक्सी त्याच्या कितीतरी पट घेते. कदंबच्या बसा आहेत, त्यांच्या वेळा जमल्या तर गोष्ट वेगळी.

आणि उलटं मोजायला शिका. सामान घेणारी खिडकी बहुतेक कंपन्या सुटायच्या वेळेआधी तासभर बंद करतात, आत जायचं दार साधारण पंचवीस मिनिटं आधी. सुटायची वेळ म्हणजे ठोकळे काढायची वेळ, हे वर आलंच आहे. समजा सकाळी दहाचं विमान मोपाहून आहे, सामान आहे आणि तुम्ही मडगावचे. नऊला खिडकी बंद, गर्दी धरून सव्वाआठला तिथे हवं, म्हणजे घर सव्वासहाला सोडा. दाबोळीहून त्याच वेळचं विमान असेल तर सव्वासातला निघालात तरी चालेल. तिकीट काढताना जीओआय आहे की जीओएक्स एवढं आधी बघा, आणि मडगावच्या माणसाने मोपाचं स्वस्त तिकीट दिसलं तर त्यात टॅक्सीचे पैसे मिळवून मगच दाबोळीच्या तिकिटाशी ताडून बघावं.